अकरा कार्डे, एकच हात

दि. ४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
आरोग्य केंद्र, बोरीवली (प.)

विषय : मासळी बाजारातील अकरा जणींच्या साखरेच्या नोंदी रद्द करून श्रीमती कृष्णाबाई यांना मोठ्या दवाखान्याची तातडीची चिठ्ठी आजच मिळणेबाबत.

संदर्भ : आपले 'आदर्श गट' प्रमाणपत्र.

महोदय,

१. "दहा बोटं झाली, अकरावं कुठून आणू? तुमची काय सोन्याची हायेत?" असे बाजाराच्या दाराशी लसूण सोलून विकणाऱ्या श्रीमती कमल माझ्या खांद्यामागे कोळिणींना पुटपुटल्या, ते मी जानेवारीतच ऐकले होते. न ऐकल्यासारखे करून मी पुढचे कार्ड घेतले.

२. मी आपल्या केंद्राची आरोग्य सेविका. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाजारात बसून कोळिणींची साखर मोजणे, गोड-खारट कमी करा म्हणून सांगणे, हे माझे काम. टोचलेले बोट दिवसभर बर्फाच्या खाऱ्या पाण्यात घालायचे, तर जीव जातो. म्हणून त्यांनी आपसांत सोय काढली. नाव कोणाचेही पुकारा, गर्दीतून हात कमलचा येई. साखर ९४, फार तर ९६. मासे विकणाऱ्या अकरा जणींच्या बोटांना लसणाचा वास का येतो, हे लिहायला नोंदवहीत रकाना नाही.

३. यथावकाश आपण प्रमाणपत्र दिलेत. ते बाजारात देवाच्या तसबिरीशेजारी टांगले गेले. तेव्हापासून कृष्णाबाई (वय ६३) जेवणानंतर दोन बुंदीचे लाडू खाऊ लागल्या. हटकले की म्हणत, "सरकारनं फ्रेम दिलीय. तू कोण गं?"

४. गेल्या आठवड्यात त्यांच्या टाचेत शिंगाळा माशाचा काटा मोडला. त्यांना चार दिवस कळले नाही. बाजारातले मांजर त्यांची टाच सोडीना, तेव्हा आम्ही पाहिले. जखम काळी पडली आहे. साखर मोजते म्हटले तर हात पदराखाली. "चौऱ्याण्णव हाय माझी. कार्ड बघ."

५. आज सकाळी त्यांनी बोट दिले. साखर ४१२. चिठ्ठीसाठी केंद्रात आले, तर संगणकाने आकडा घेतला नाही. 'मागील दहा नोंदींशी विसंगत, यंत्र तपासून घ्यावे' असे आले. यंत्र तपासले. यंत्राची प्रकृती उत्तम आहे. संगणक मात्र कृष्णाबाईंचे अभिनंदन करून पुढच्या महिन्याची तारीख देतो. टाच तोवर थांबणार नाही.

६. बोट न देणाऱ्या बाईने आज ते का दिले, हे कळवणे भाग आहे. जे मी दहा महिने बोलले नाही, ते कमलने लसूण पाखडायचे सूप खाली ठेवून भर बाजारात सांगितले. "कृष्णे, ते चौऱ्याण्णव माझे हायेत गं. तुझी साखर कुणी मोजलीच नाय." कृष्णाबाईंनी एकदा फ्रेमकडे पाहिले. मग हात पदराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

आपली नम्र, आणि या चुकीतली बारावी,
कुंदा पेडणेकर
आरोग्य सेविका

सोबत :
१) प्रमाणपत्र, फ्रेमसह (परत).
२) नोंदवही. पाने १ ते १०, सर्व कमल.
३) श्रीमती कृष्णाबाई. बाहेर बाकावर बसल्या आहेत. लाडू काढून घेतला आहे.