माती लागलेली जर्सी

प्लिमथ, गुरुवार

प्रिय बाबा,

फुटबॉल संघाबरोबर आम्ही सगळे सुखरूप पोहोचलो. खेळाडूंच्या कपड्यांचे माझे पेटारेही आले. समुद्र शांत आहे, जेवण बरं आहे, पोरं हसतखेळत आहेत. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना?

शनिवारचा हंगामातला शेवटचा सामना हरलो तर आपण तिसऱ्या श्रेणीत घसरू, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण जिवाला घोर लावून घेऊ नका. डॉक्टरांनी मनाई केलीय, तेव्हा रेडिओ लावू नका. शेजारच्या हेस्टरकाकू येऊन निकाल सांगतील.

एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून लपवली. ऑगस्टपासून आपण जिंकत होतो, तेव्हा गोलकीपर डेन्झिलने त्याची जर्सी धुऊ नकोस म्हणून बजावलं होतं. ऑक्टोबरात सवयीने मी ती धुतली. तेव्हापासून दोनच सामने जिंकलोय. मला झोप लागत नाही.

आज डेन्झिल म्हणाला, "मावशी, मंगळवारी जिंकलो तेव्हाची जर्सी धुतली नाहीस ना? तुझा काही भरवसा नाही बाई."

"नाही रे. वास मारतेय, तरी तशीच ठेवलीय."

तिच्या कोपरावर आपल्याच मैदानाची माती आहे, बाबा. तुम्ही तीस वर्षं राखलेल्या गवताखालची. शनिवारी तो तीच घालणार आहे.

काहीही झालं तरी ती तशीच घरी आणेन. धुवायची की नाही, ते तुम्ही सांगा.

संघाची आणि तुमची धोबीण,
विनी