नेसरी, कोल्हापूर की पुणे

३ जून १९९६
राजारामपुरीत दवाखाना काढून तीन आठवडे. फक्त लहान मुलांची ऑपरेशनं करायची, असं ठरवून बसलेय. आज पेशंट दोन, त्यातला एक सर्दीचा. सु. कॉलेजात शिकवून घरी आला, पण ‘आज किती?’ विचारलं नाही. गुणी नवरा.

१२ जून
पुण्यात ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या सरांचं पत्र. त्यांच्या विभागात जागा आहे, महिनाअखेर कळव. ‘कोल्हापूर तुझ्या कामाला लहान पडेल. महिन्याला चार ऑप. करून हात टिकत नाही.’ खरंच आहे. दोनदा वाचलं.

१६ जून
माहेरी, नेसरीला. आण्णांचं उलटंच. “हितंच घाल की दवाखाना. हितली पोरं काय पोरं न्हाईत?” म्हटलं, आण्णा, तान्ह्या बाळाला भूल कोण देणार? रक्त कुठून आणू? गावात माझ्या कामाचं मूल वर्षातून एखादं.
ते म्हणाले, “आन् ते एकादं आपल्याच घरचं असलं तर?”


२४ जून
हुपरीची मुलगी, दीड दिवसाची. शीची जागाच नाही, पोट फुगलेलं. तिथल्या डॉ.नी दुपटं सोडून नीट पाहिलं, म्हणून वेळेत कळलं. त्यांचे आभार मानायचे राहिले. आजी एसटीनं घेऊन आली. “पुण्याला न्या म्हणू नगा बाई. वाटंतच जाईल. हितंच करा की.”
मीनलला फोन केला. जेवत होती, ताट सोडून आली. एवढ्या बाळाला भूल द्यायला माझ्या माहितीत इथं ती एकटीच. शीला पोटावरून तात्पुरती वाट काढून दिली. मीनल नसती तर माझी डिग्री भिंतीवर टांगायच्या कामाची.

२६ जून
बाळाला शी झाली! आजीनं माझे दोन्ही हात धरले. “झाली की वो बाई, झाली की!” शेजारच्या खाटेवरच्या बायका टाळ्या वाजवताहेत. इतकं कौतुक मला एम.एस. झाल्यावरही मिळालं नव्हतं.

२९ जून
सरांना कळवलं, येत नाही. इथं मीनल आहे, रक्त मिळतं, हुपरीहून एसटीनं पोचता येतं. गाव निवडायला यापेक्षा जास्त गणित मला जमलं नाही. दर गुरुवारी नेसरीला तपासायला जायचं. आण्णा फोनवर नुसतं “बरं” म्हणाले. म्हणजे पुरतं पटलेलं नाही.

२ ऑगस्ट १९९९
कावीळ. तीन आठवडे अंथरुणात. तेवढ्यात दोन बाळं आली, दोन्ही पुण्याला पाठवावी लागली. एकच पोचलं.
सु. दोन वेळा पेज करून भरवतो. मीनल रोज डोकावते. माणसं चांगली मिळाली. तरी ते दुसरं बाळ…

९ ऑक्टोबर
अभिजितचा फोन. पुण्यात मला ज्युनिअर होता, आता तोही बालशल्यचिकित्सक. आईवडील कागलला, त्याला परत यायचंय. “मॅडम, खरं सांगा. कोल्हापूर दोघांना पुरेल?”
या आठवड्यात माझेच दोन दिवस मोकळे गेले. सु.नं खूण केली, विचार करून सांग.
म्हटलं, “ये.”
“म्हणजे पुरेल?”
“ते नाही माहीत. पण ये.”