केळीच्या बागेतली आपली बोली

प्रिय रजिया,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं म्हणजे येडेपणाच. पण तुझी परवानगी पाहिजे गं. आपली पऱ्यांची बोली माझी नात तन्वी मागून राहिली! निम्मी तुझी हाय. देऊ का?

माझी शाळा किती ते तुला ठाऊक हाय. काना-मात्रा चुकला तर हसू नको.

झालं असं, मी कांदा चिरत होते, अन् तोंडातनं निघालं 'लिरसाय'. तन्वीनं लगेच धरलं. "आजी, हे काय?" म्हणलं, डोळ्यातलं पाणी. पाट सोडला की केळीत पाणी लिर्र लिर्र करत शिरायचं, म्हणून 'लिर'. अन् 'साय' रजियानं जोडली, कारण दुधावर येती तशी ती डोळ्यावर येती. पोरीनं फोन बाजूला ठेवला, रजिया! लातूरच्या पोरीनं फोन बाजूला ठेवला!

ती गोष्ट लिहिती. रानात राहणारी टोकदार कानांची माणसं. एल्फ म्हणती त्यांना. त्यांना भाषा पाहिजे. मी म्हणलं, "अगं, ह्या तर आमच्या अर्धापूरच्या पऱ्या! पण कान असे ओढल्यासारखे का?" आपल्यासारखं बांगडीतनं बोलून बोलून झाले असतील, न्हाई?

आठवतं का तुला? तुझे अब्बा बाजारात बांगड्या विकायचे. त्यातली एक घेऊन आपण आमच्या बापाच्या केळीत शिरायचो. बांगडी कानाला लावून तिच्यातनं सांगितला तरच नवा शब्द खरा. नुसता सांगितला की तू भांडायचीस, "ऐसा नै चलता सुमे, फिरसे बोल!"

'ओढनूर' आठवतो? केळीच्या पानातनं गाळून येणारा हिरवा उजेड. ओढणी तुझी होती, नूर म्हणजे उजेड, तुझ्या अम्मीच्या बोलण्यातला. त्या उजेडात तुझं तोंडसुद्धा हिरवं दिसायचं. आपण खरंच पऱ्या झालोय असं वाटायचं, घरून हाका आल्या तरी आपल्याला ऐकूच यायच्या न्हाईत. अन् 'किनोल'? कुणी येणार ते आधीच कळणं. बाई दारात दिसायच्या आधी तिच्या बांगड्यांची किणकिण ऐकू येती, त्यावरून.

तन्वीनं विचारलं, "अन् मरणाला काय शब्द?" न्हाई, म्हणलं. कधी लागलाच न्हाई. तू गेलीस तेव्हा नांदेडला तुझ्या घरी बायकांत बसून मी तो लई शोधला गं. तू आधी जायला नको होतंस. मी थोरली, माझा नंबर होता!

मग ती म्हणाली, "आजी, आता तू ही बोली कोणासंग बोलतेस?" म्हणलं, गच्चीवर कुंडीत केळ लावलीय, तिच्यासंग.

"केळ उत्तर देती का?"

बोलीला दोघी लागतात, रजिया. मी गेले की ती केळ काय कोणाला शिकवणार हाय?

तर ऐक. मी देते तिला. पण शब्द कोणी केला, कशावरून केला, ते सांगितल्याबिगर एकही देणार न्हाई. त्या कानवाल्या माणसांनी खुशाल बोलावं, पण साय रजियाची हे तन्वीला पाठ असलं पाहिजे. ती बांगड्या घालत न्हाई. केसाचं रबर कानाला लावून विचारती, "हे चालेल का?" मी चालतंय म्हणलं. तू रागावू नको.

फक्त एक शब्द ठेवून घेते. केळीत चुकामूक झाली की एकमेकीला हाक मारायचा, तो. तो गोष्टीत जाणार न्हाई, तुला वचन. मी तिकडं आले की त्यानंच हाक मारीन.

ओ दे, बरं का.

तुझी,
सुमी
(आता ह्या नावानं कुणी बोलवत न्हाई)