पोपटाचं एक पान

मंगळवार, २० मे. इंगोलश्टाट.

ऑफिसातून आले तेव्हाच दमले होते, आणि वर आता हे.

शनिवारी म्युनिकच्या इंडियन दुकानातून हापूसची पेटी आणली. आंबे काढले, खोका नेहमीसारखा फाडून चपटा केला आणि खाली कुलूपबंद कचराखोलीतल्या पापिअरटोनमध्ये, कागदाच्या डब्यात टाकून आले. खोक्यावर फांदीवरच्या पोपटाचं लेबल होतं. फांदीचं एक पान उलटं होतं, तेवढंच लक्षात राहिलंय.

फाडताना सासरे शेजारीच उभे होते. "लेबल छान आहे गं," म्हणाले. मी म्हटलं, "अहो बाबा, इथे खोके साठवत नाहीत."

आज जेवताना माझी लेक मीरा तिच्या जर्मनमध्ये म्हणाली, "डेन पापागाय हाट आजोबा गेमाल्ट." तो पोपट आजोबांनी काढलाय. कोल्हापूरच्या छापखान्यात होते तेव्हा. लेबलं लाकडी पेट्यांवर डकवायचे. मालकाला घाई होती, पान उलटं राहिलं, आणि इतकी वर्षं ते तसंच छापलं जातंय. हे नातीला सांगितलं, मला का नाही? मी ऐकून घेतलं असतं का?

खाली धावले. कागदाची गाडी सकाळीच येऊन गेलेली. डबा रिकामा.

तेच उलटं पान डोळ्यासमोर येतंय. आणि दुसरं एक आठवतंय. काल बाबांनी कचराखोलीची किल्ली मागितली होती. मी म्हटलं, "कशाला बाबा, कचरा मी टाकते ना."