एक्केचाळीस नंबरची आकृती

प्रिय दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (वाकणं आता कमरेच्या मर्जीवर आहे, तेव्हा वाकले असं समज). तू, वहिनी आणि तुझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या, सगळे आपापल्या पायांवर उभे असाल अशी आशा आहे. इथे तसं सांगण्यासारखं बरं काहीच नाही, म्हणून सविस्तर लिहिते. लहानपणी तू मला ‘सुतकी’ म्हणायचास, त्या नावाला मी अजून जागते आहे. माझी तब्येत ठीक आहे. बाबांची नाही. डॉक्टर दर आठवड्याला घरी येतात, नाडी बघतात आणि जाताना दाराशी मला हळूच काहीतरी सांगतात. उन्हाळ्यात ते ‘काळजी करू नका’ म्हणायचे, नंतर ‘काळजी घ्या’ म्हणायला लागले आणि आता ‘बघू या’ वर आले आहेत. यापुढचा शब्द कोणता ते मी त्यांना विचारलेलं नाही, कारण विचारलं तर ते सांगतील.

पण पत्राचं कारण तब्येत नव्हे, एक पुस्तक आहे. बाबा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे तेव्हा एका प्राध्यापकाने त्यांच्याकडून पुलांच्या पायांवरच्या आपल्या जाडजूड पुस्तकासाठी साठ आकृत्या काढून घेतल्या होत्या, हे तुला आठवत असेल (आठवत नसेल तर आठव, आपल्या बालपणीचं अर्धं जेवणाचं टेबल त्या आकृत्यांनी अडवलेलं असायचं आणि आपण ताटं मांडीवर घेऊन जेवायचो). प्रस्तावनेत बाबांचे आभारही आहेत म्हणे. म्हणे अशासाठी की ते पुस्तक बाबांनी आजवर उघडलेलंच नाही! हे मला गेल्या महिन्यात कळलं, सूप भरवताना. झालं असं होतं की छपाईला सगळं गेल्यावर त्यांना अचानक वाटलं, एक्केचाळीस नंबरची आकृती आपण उलटी चिकटवून दिली. लगेच प्राध्यापकांना चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी पोहोचली की नाही, पोहोचली तर चूक दुरुस्त झाली की नाही, काहीच कळलं नाही. पुस्तक छापून आलं, भेटप्रत घरी आली आणि बाबांनी ती वेष्टनासकट त्याच दिवशी कुणालातरी देऊन टाकली. ज्या माणसाने तुला अर्धवट काम सोडणारा म्हणून उंबऱ्याबाहेर काढलं, त्या माणसाची स्वतःचं पुस्तक उघडायची छाती झाली नाही. मला इतका राग आला की उरलेलं सूप मीच पिऊन टाकलं. आणि आता त्यांचं म्हणणं एवढंच आहे की जायच्या आधी ती आकृती सुलटी आहे की उलटी हे बघायचंय. दुसरं काही मागत नाहीत. पेपर नको, रेडिओ नको. रोज संध्याकाळी मी आले की माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पिशवीकडे बघतात.

आता मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वीस वर्षं गुणपत्रिकांवर शिक्के मारते आहे, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयाची मी हक्काची वाचक (या हक्काने आजपर्यंत फक्त एक भरतकामाचं पुस्तक नेलं होतं, तेही वेळेत परत केलं). पुस्तक आता कुठल्याही दुकानात मिळत नाही. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत गेले ग्रंथपालबाईंकडे. बाई माझ्याच वयाच्या, गळ्यात दोरीला चष्मा, टेबलावर इतके शिक्के की माझ्या विभागालाही हेवा वाटावा. त्यांनी फार नीट समजावून सांगितलं. आपल्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवता येतं. त्याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. एक अर्ज, तीन प्रतींत, विभागप्रमुखांच्या सहीसकट. पुस्तक यायला दोन-तीन आठवडे लागतात, ते किती दिवस ठेवायचं ते पाठवणारं ग्रंथालय ठरवतं, मुदतवाढ मागायची नाही, आणि त्यांनी ‘इथेच बसून वाचा’ असं लिहिलं असेल तर घरी न्यायचं नाही. मी म्हटलं, वाचणारा माणूस पलंगावरून उठू शकत नाही. त्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ते आपण आल्यावर बघू. (‘बघू’ हा शब्द हल्ली मला सगळीकडे भेटतो.) अर्जात ‘कशासाठी हवे’ अशी एक ओळ होती. मी ‘वडिलांसाठी’ लिहिलं. बाईंनी ते खोडून ‘संशोधनासाठी’ केलं. तेही काही अगदीच खोटं नव्हतं.

चार दिवसांनी अर्ज परत. शेरा होता: ‘सदर पुस्तक आपल्या ग्रंथालयात उपलब्ध आहे.’ मला तर आनंदाने भोवळच यायची बाकी होती. म्हटलं, पायाशी पुस्तक आणि मी गावभर शोधतेय! तशीच गेले दुसऱ्या मजल्यावर, पुलांच्या कपाटाशी. डावीकडे धरणं, उजवीकडे बोगदे, आणि मधे एका पुस्तकाची रिकामी जागा, तिच्यात शेजारचं पुस्तक कलंडून पडलेलं. खाली येऊन सांगितलं की नाही. बाई म्हणाल्या, संगणक आहे म्हणतो. मग उलगडा झाला. ग्रंथालयाचा कारभार संगणकावर गेला तेव्हा जुन्या लाकडी खणांतली सगळी कार्डं जशीच्या तशी उतरवून घेतली, कपाटापर्यंत जायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. त्यामुळे जी पुस्तकं कधीच गेली तीसुद्धा संगणकात गुण्यागोविंदाने नांदताहेत. आणि जे आपल्याकडे आहे ते दुसरीकडून मागवता येत नाही, हा नियम. बरं, मग हरवलं असं जाहीर करा! तर त्यासाठी लागोपाठ तीन वर्षांच्या पडताळणीत ते गैरहजर सापडावं लागतं, आणि पडताळणी करणारे गृहस्थ पाच वर्षांपूर्वी ‘पाटबंधारे’पर्यंत पोहोचून निवृत्त झाले. म्हणजे आजपासून धरलं तरी तीन वर्षं. मी तिथेच काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून रडले. शेजारी उभ्या असलेल्या एका विद्यार्थिनीला वाटलं मला दंड झाला, तिने घाबरून स्वतःची तीनही पुस्तकं परत करून टाकली.

रडण्याचा उपयोग होत नाही असं तू म्हणायचास. झाला. बाईंनी नियमांची वही काढली आणि बोट फिरवत फिरवत एका कलमाशी थांबल्या. आपल्या प्रतीतलं एखादं पान फाटलेलं असेल तर तेवढ्या पानाची झेरॉक्स दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येते. बाईंचा युक्तिवाद असा की आपल्या प्रतीतली सगळीच पानं नाहीत, त्याअर्थी एक्केचाळीसव्या आकृतीचंही नाही. मी त्यांच्या पाया पडणार होते, पण मधे काउंटर होता. आठ दिवसांत टपालाने पाकीट आलं. घरी नेलं, बाबांना उशा लावून बसवलं, चष्मा दिला, आणि आम्ही दोघांनी तो कागद संध्याकाळभर फिरवला. कारण पुस्तकात आकृत्यांची पानं वेगळ्या गुळगुळीत कागदाची, त्यांना पृष्ठक्रमांक नाहीत, आणि आकृतीखालची ओळ समोरच्या पानावर. नुसत्या सुट्या कागदावर एक पुलाचा पाया, बस्स. वरचा भाग वर धरला की सुलटा, खाली धरला की उलटा. पुस्तकात तो कसा बसलाय हे पुस्तकालाच विचारायला हवं. बाबांनी शेवटी कागद छातीवर ठेवला आणि म्हणाले, रेषा मात्र चांगल्या मारल्यात. मग डोळे मिटून पडून राहिले. मी भांडी घासायला गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी बाईंना हे सांगितलं. त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन उठल्या आणि मला तळघरात घेऊन गेल्या. तिथे जुन्या काळच्या, पुस्तकं नेल्या-आणल्याच्या वह्या आहेत, उंदरांनी कडेकडेने वाचलेल्या. त्यांचं म्हणणं, पुस्तक शेवटचं कुणी नेलं ते सापडलं तर ते ‘हरवलेलं’ न ठरता ‘बाहेर गेलेलं’ ठरतं, आणि बाहेर गेलेल्या पुस्तकाऐवजी दुसरीकडून मागवायला हरकत नाही. तीन दिवस जेवणाच्या सुट्ट्या आम्ही त्या वह्यांत घालवल्या. धुळीने माझा आवाज बसला तो अजून बसलेलाच आहे. आणि परवा सापडलं. सव्वीस वर्षांपूर्वी, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने नेलं, ते परत केलेलंच नाही. पुढे नाव आणि सही. नाव मी इथे लिहीत नाही. पण त्या प्राण्याला मी मनातल्या मनात जे काही ऐकवलं ते ऐकलं असतंस तर तुझ्या दुकानातल्या खुर्च्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या असत्या. सव्वीस वर्षं! माणूस पुस्तक विसरतो, मान्य. पण ते घराघरांतून, गावागावांतून बरोबर वागवतो, आणि एकदाही त्याला परत यावंसं वाटत नाही?

बाबांना संध्याकाळी एवढंच सांगितलं की पुस्तक एका विद्यार्थ्याकडे आहे, सव्वीस वर्षं झाली. मला वाटलं चिडतील, तुला ठाऊकच आहे अर्धवट ठेवलेल्या गोष्टींचा त्यांना किती तिटकारा. पण ते छताकडे बघत म्हणाले, “इतकी वर्षं ठेवलंय? म्हणजे आवडलं असणार.” आणि हसले, दादा. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा. मी खिडकी बंद करायच्या निमित्ताने तिकडे तोंड केलं.

असो. माझं हे नेहमीचं रडगाणं वाचून तुझा दिवस खराब झाला असेल तर माफ कर. मुद्दाम काही मागायला लिहिलेलं नाही, सहज खुशाली कळवली. वहिनींना नमस्कार सांग. बाहेरून कुणी दार वाजवलं की बाबा अजून मान उचलून बघतात. बहुतेक वेळा गॅसवाला असतो.

तुझी (तूच नाव ठेवलेली),
सुतकी

ता. क. – आता खरं लिहिते. त्या वहीतली सही तुझी आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी ओढून खाली दोन टिंबं द्यायची तुझी खोड मी झोपेतही ओळखेन. तू शिक्षण सोडून गेलास त्याच महिन्यातली तारीख आहे. आई म्हणायची, तू जाताना एका पिशवीत फक्त कपडे नेलेस. आता कळलं की फक्त कपडे नव्हते. बाईंनी दुसऱ्या विद्यापीठाकडे अर्ज पाठवला आहे, पण त्याला तीन आठवडे लागतील, आणि डॉक्टर काल दाराशी थांबून काहीच न बोलता गेले. ते पुस्तक तुझ्याकडे असेल तर घेऊन ये.

आणखी एक ता. क. – टपालाने पाठवू नकोस, आणि फोनवर तर अजिबात सांगू नकोस (तू आकृती पाहिलेली असणार, तुला उत्तर ठाऊक असणार, हे मला कळतं). ग्रंथालयाचा असा नियम आहे की पंचवीस वर्षांहून जास्त काळ बाहेर राहिलेलं पुस्तक ज्याने नेलं त्यानेच स्वतः आणून द्यायचं असतं, आणि त्याआधी ते ज्याने आकृत्या काढल्या त्याला घरी जाऊन दाखवायचं असतं.

त्यानंतरची ता. क. – असा नियम नाही. मीच केला. पण आज बाईंना हे पत्र दाखवलं आणि विचारलं, असा काही नियम असू शकतो का. त्यांनी वरचा मजकूर दोनदा वाचला, नियमांची वही उघडलीसुद्धा नाही, आणि शिक्का उचलून मारला. कागद उलटून बघ. गोल, निळा, तारखेसकट. आता नियम आहे.

शेवटची ता. क. – बाबांना आता चष्म्यानेही जेमतेम दिसतं. आकृती उलटी असली तर तू पुस्तकच उलटं धर. मला ते जमायचं नाही, माझं तोंड सगळं सांगून टाकतं. तुझं कधीच काही सांगत नाही, हे सव्वीस वर्षं मी बघते आहे.