दोन्हीकडून दोन-दोन बोटं

प्रिय नवरोबा,

रोज फोनवर तू आधी सायकलची चौकशी करतोस आणि मग, आठवलं तर, माझी. आज दोघींची खबर एकदमच कळवते. दोघी मजेत आहोत.

तुझी ती लाडकी अजून बेडरूममध्येच आहे, खिडकी आणि पलंगाची माझी बाजू यांच्या मधोमध. लग्नानंतर महिन्याभरात तू ती अॅल्युमिनियमची माउंटन बाइक घरी आणलीस, तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. पण तू तिची चेन माझ्या टूथब्रशने घासायचास. जुन्या नव्हे, चालू टूथब्रशने! मी हात लावला की फ्रेम फडक्याने पुसायचास. माझं ऑपरेशन होतं त्या सकाळी तू पुढच्या सस्पेन्शनमध्ये हवा भरत बसला होतास. मी टॅक्सी करून एकटी गेले. भूल उतरली तेव्हा तू आलास, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि उतारावर गाडी कशी लोण्यासारखी चालली ते सांगत राहिलास. तेव्हा मला ऐकून घ्यायची सवय होती.

मग त्याच उतारावर तू पडलास. गुडघ्याचा चुरा झाला, सायकलला मात्र नुसता ओरखडा. जिने चढवेनात म्हणून तू शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुझ्या आईच्या तळमजल्यावरच्या घरी राहायला गेलास, आणि जाताना मला बजावलंस की गाडी नुसती उभी ठेवायची नाही, सस्पेन्शनची सीलं कोरडी पडतात, दर आठवड्याला गल्लीच्या टोकापर्यंत तरी फिरवायची. मी फिरवली. आज्ञाधारक ना मी! एकदा गल्ली संपली तरी ब्रेक दाबावासा वाटला नाही. आता तुझा तो उतार मी आरामात उतरते, तू पडलास त्या वळणासकट. तू रंगवून सांगायचास तेवढं ते अवघड नाही रे. घाबरून पुढचा ब्रेक दाबला असशील.

हँडल मला रुंद पडायचं, खांदे भरून यायचे. म्हणून सायकलवाल्याकडून ते दोन्हीकडून दोन-दोन बोटं कापून घेतलं. साहेबांना विचारलंत का, असं तो दोनदा म्हणाला. सीट पार खाली नेली. फ्रेमवरची तुझी ती पारदर्शक टेप सोलून काढली. तिथे आता छान ओरखडे पडलेत, माझे. नवं हँडल बसवता येईल, असं तू म्हणशील. बसव की. पाय कुठून आणणार?

परवा आई रडवेल्या होऊन सांगत होत्या, की पुन्हा सायकलवर बसायचं म्हणून तू दातओठ खाऊन व्यायाम करतोस. डॉक्टरांनी आईंना आणि मला केव्हाच सांगितलंय, की गुडघा आता आहे एवढाच वाकणार, पेडल मारण्याइतका कधीच नाही. तुला कळलं तर तू हातपाय गाळशील, म्हणून सायकल तुझी वाट बघतेय असंच सांगत राहा, अशी आईंनी मला शपथ घातली. ती मी रोज फोनवर पाळली. आता कंटाळले. काल तू लाडात येऊन विचारलंस, की सायकलला तुझी आठवण येते का. फोनवर हसून वेळ मारून नेली, पण खरं उत्तर तुला मिळायलाच हवं, म्हणून हे लिहायला बसले. नाही येत. दोघींनाही नाही.

कागदोपत्री तुझीच,
बायको