नुसतं गरम पाणी

१७ ऑगस्ट

विहीणबाईंनी आज मला नुसतं गरम पाणी प्यायला दिलं!

लिहिणार नव्हते. पण मनात ठेवलं तर कुजेल, म्हणून इथे काढून ठेवते. अंतोफागास्ताला, ह्या परक्या देशात, येऊन अजून आठवडाही झाला नाही. विल्मार – माझा धाकटा – मला त्याच्या सासुरवाडीला घेऊन गेला. इथे संध्याकाळी जेवण नसतं, चहा-पाव मांडतात. सून हावियेरा आठव्या महिन्याची, ती आत आडवी झाली होती. विल्मार अंगणात थोरल्या भावाशी फोनवर. टेबलाशी आम्ही दोघी विहिणीच.

ताजा पाव, कुस्करलेला अवोकाडो, चीज, कशाला कमी नव्हती. मग नॉर्माबाईंनी माझ्यापुढे कप ठेवला. आत पाणी. वाफाळतं, स्वच्छ, तळ दिसत होता. आणि बसल्या माझ्याकडे बघत.

आमच्या पितालितोत, कॉफीच्या मळ्यांच्या गावात, दारात आलेल्या परक्यालाही कॉफी मिळते. चांगला दाणा विकायला जातो, घरी निवडून उरलेला. पण तो गुळाच्या पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून हातात दिला की माणूस घरचा झाला. पूड संपली असेल तर शेजारून आणतात. नुसतं पाणी? म्हणजे पुन्हा येऊ नका.

मी ते पाणी प्यायले. सगळं. साखरेशेजारी कसला तरी तांबडा डबा होता, त्याकडेच बघत राहिले. डोळे कुठेतरी ठेवायला हवेत ना. त्या माझ्या कपाकडे बघत होत्या.

२ सप्टेंबर

मला वाटलंच होतं. आज विल्मार चाचरत म्हणाला, बाळंतपणाचं सगळं नॉर्माबाई बघणार आहेत. कुस्तोदियाबाईंना, म्हणजे मला, एवढ्या लांबून येऊन वर त्रास नको, असं त्यांचं म्हणणं.

त्रास! त्यासाठीच तर आले मी. थोरल्या दोन्ही सुनांचा सव्वा महिना मीच केला – कोंबडीचं सूप, पाल्याची अंघोळ, डोक्याला फडकं. ह्या नातवंडाला पहिल्या दिवसापासून हातात घ्यायचं, ह्याच आशेवर आगबोटीएवढी बॅग भरून आले.

'बरं' म्हटलं. हावियेराला काय सांगणार? आईविरुद्ध तिच्या पोरीचे कान भरू?

६ सप्टेंबर

ह्या शहराला मासळीचा वास आहे, डिझेलचा आहे, धुळीचा आहे. कॉफीचा नाही. डोंगरावर गवताची काडी नाही, तिथे कॉफी कुठून असणार.

१३ सप्टेंबर

वास सापडला! बाजारपेठेत एका दारातून आला. शिरले सरळ आत. आत खुर्चीच नाही, सगळे उभे, सगळे बाप्ये, टाय लावलेले. आणि कॉफी देणाऱ्या पोरींचे स्कर्ट असे, की मी आधी फरशीच बघितली.

एकीने बोलीवरून मला ओळखलं. नेइवाची निघाली, म्हणजे आमच्याच मुलखातली. युरानी नाव. म्हणाली, आजी, इथे बायका येत नाहीत, म्हाताऱ्या तर नाहीच. पण तुम्ही उभ्या राहा, बघू कोण काय बोलतं. यंत्रातली इवलीशी कॉफी दिली, बरोबर बुडबुड्यांच्या पाण्याचा पेला. कडू होती. पण कॉफी होती. पहिल्या घोटाला माझे डोळे भरून आले आणि गरम पाण्याची सगळी कहाणी मी तिला सांगून बसले.

ती हसायलाच लागली. "आजी, शेजारी डबा नव्हता?"

"होता. तांबडा."

"मग ती कॉफीच होती! इथे घरोघरी असंच. पाणी ज्याच्या त्याच्या पुढे, पावडर मधे. ज्याने त्याने आपल्या चवीची कालवायची."

कान गरम झाले माझे. ती बाई वाट बघत होती – मी डबा कधी उघडते त्याची. आणि मी तिच्या तोंडावर नुसतं पाणी प्यायले, मुकाट्याने, घोट घोट!

१५ सप्टेंबर

गेले. एकटीच, बस बदलून. रस्ताभर इथल्या स्वातंत्र्याच्या सणाचे झेंडे लागलेत. नॉर्माबाईंनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. मीही दारातच सगळं सांगून टाकलं.

मग म्हणाल्या, "तुम्ही मळेवाल्या, आमची पावडर तुमच्या तोंडाला लागायची नाही हे मला ठाऊक होतं, पण वास तरी घ्यायचा होता. तुमच्यासाठी नवा डबा फोडला होता. त्या रात्री मला पावही गेला नाही."

आत नेलं. मी स्वतः कालवली. पातळ झाली, त्यांनी अजून एक चमचा टाकला. चव? युरानीच्या कॉफीची सर नाही. पण कप रिकामा केला, दुसराही मागितला.

नवरा गेल्यापासून त्या एकट्याच आहेत. हावियेरा रोज संध्याकाळी येते म्हणून चहा मांडतात, नाहीतर उभ्यानेच पाव खातात. निघताना माझा हात धरला.

"सव्वा महिना तुमचा, कुस्तोदियाबाई. पुढचं सगळं आयुष्य माझं."

हसत म्हणाल्या. मीही हसले.

२९ सप्टेंबर

मुलगी! दोघी सुखरूप.

८ ऑक्टोबर

विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात माझं कोंबडीचं सूप. म्हणतात, कोथिंबीर एवढी की कोंबडी कुरणात हरवली. तरी दोन वाट्या प्यायल्या. बाळ रडलं की आम्ही दोघी एकदम उठतो, मग एकमेकींना 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या'. तेवढ्यात हावियेराच उचलते.

१९ ऑक्टोबर

विल्मारचं बंदरावरचं काम महिनाअखेरीस सुटतंय. थोरला मळ्यात वाटा देतोय. बाळ प्रवासाजोगं झालं की आम्ही सगळे पितालितोला, कायमचे. हावियेरा तयार आहे, विल्मारपेक्षा जास्त. मला वाटायचं, असं काही ऐकलं तर मी नाचेन.

"आईला तुम्हीच सांगा, सासूबाई," हावियेरा म्हणाली. "तुमचं ती ऐकते."